बारा शब्द आणि सगळी गल्ली

एखादी गोष्ट गुप्त ठेवावयाची म्हणजे ती एका वेळी एकाच माणसाला सांगावयाची आणि सांगताना आवाज तेवढा खाली आणावयाचा, अशी जी रीत कोल्हापूरच्या पेठांतून, तालमींतून आणि चहाच्या गाड्यांभोवती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिला अलीकडे एका नव्या वस्तूने अडचणीत आणले आहे. ही वस्तू म्हणजे क्रिप्टोकरन्सीच्या, अर्थात आभासी चलनाच्या, वॉलेटची ‘सीड फ्रेझ’: बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांची, ठरावीक क्रमाने मांडलेली एक निरर्थक ओळ. ही ओळ ज्याला ठाऊक, त्याच्या हाती ते सारे धन, मग तो मालक असो, मेहुणा असो वा चोर. तिच्या सांभाळाच्या अटी दोनच आहेत. मालकाखेरीज ती कुणालाही कळता कामा नये, आणि मालकाच्या हातून ती कधीही हरवता कामा नये. पैकी पहिली अट कोल्हापूरच्या स्वभावाला मानवत नाही आणि दुसरी एकंदर मनुष्यस्वभावाला, त्यामुळे या शहरात त्या दोहोंचा निकाल कसा लागतो हे पाहणे अभ्यासकाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

वॉलेटमध्ये नाणी असतात असा सार्वत्रिक समज आहे, तो चुकीचा आहे. बिटकॉइनसारख्या चलनाच्या सर्व नोंदी ‘ब्लॉकचेन’ नावाच्या एका सामायिक खतावणीत असतात, म्हणजे जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या आणि मागचे पान गुपचूप बदलता येऊ नये अशा रीतीने बांधलेल्या वहीत. वॉलेट त्या वहीतील आपली रक्कम हलविण्याची किल्ली तेवढी बाळगते. ही किल्ली म्हणजे एक अवाढव्य संख्या असल्याने आणि अवाढव्य संख्या उतरवून घेताना माणूस हमखास चुकत असल्याने, २०१३ साली काही प्रोग्रॅमरांनी ‘बीआयपी-३९’ या नावाने एक प्रस्ताव मांडला व संख्येऐवजी २०४८ शब्दांच्या यादीतून निवडलेले शब्द वापरण्याची सोय केली. बारा शब्दांत १३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा १३२ खुणा, सामावतात. त्यांतील १२८ यदृच्छेने निवडलेल्या असतात आणि शेवटच्या चार केवळ पडताळ्यासाठी असतात. असे निरनिराळे संच ३४ वर ३७ शून्ये एवढे होतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यामाला परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी, थांबते, तेव्हा परार्धाला परार्धाने गुणून त्या गुणाकाराची पुन्हा ३४ हजार पट केली की हा आकडा हाती लागतो. तात्पर्य, कुणी परका मनुष्य अंदाजाने ती ओळ ओळखील ही भीती व्यर्थ आहे. चोराला अंदाज करावाच लागत नाही, कारण घरातले कुणीतरी सांगते.

शब्दांची यादी ‘अबँडन’पासून सुरू होऊन ‘झू’पाशी संपते, म्हणजे त्यागापासून प्राणिसंग्रहालयापर्यंतचा संसार तिच्यात आला आहे. कोल्हापूरकराने ती चाळली असता त्याला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. तीत ‘शुगर’ आहे, ‘बफेलो’ आहे, ‘अनियन’ व ‘गार्लिक’ आहेत आणि कुस्ती खेळणे या अर्थाचे ‘रेसल’ हे क्रियापदही आहे, म्हणजे साखर कारखाना, गोठा, चटणी आणि खासबाग यांची तरतूद झाली आहे. मटण मात्र नाही, आणि हा दोष यादी तयार करणाऱ्यांच्या प्रवासाच्या मर्यादा दाखवितो. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे इतर कोणत्याही शब्दाशी जुळू नयेत, ही खबरदारी मात्र त्यांनी घेतली आहे. इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि झेक भाषांतही अशा याद्या आहेत, पण देवनागरीत नाही, आणि त्यातून एक विशिष्ट संकट उद्भवते. इंग्रजी शब्द मुलाने वाचून दाखवावयाचा व वडिलांनी तो देवनागरीत उतरवून घ्यावयाचा, अशी विभागणी ज्या घरात होते, तेथे लिहिणे या अर्थाचा ‘राइट’ आणि बरोबर या अर्थाचा ‘राइट’ हे दोन्ही यादीत असल्याचे कुणाच्या ध्यानी येत नाही. कागद या अर्थाचा ‘पेपर’ आणि मिरी या अर्थाचा ‘पेपर’ हेही दोघे तीत आहेत. पुढे कधी तो कागद बाहेर काढला असता वडील म्हणतात कागद, मुलगा म्हणतो मिरी, आणि यंत्र दोघांनाही नम्रपणे चुकीचे ठरवू शकते, कारण दोन ओळी खाली ‘राइट’ही असतो.

तथापि अक्षरांची चूक ही किरकोळ बाब होय. खरा धक्का निराळ्या ठिकाणी बसतो. महाराष्ट्रातील मालमत्तेचा सारा व्यवहार मूळ कागद गेला तरी नक्कल मिळते, या विश्वासावर उभा आहे. सातबारा, म्हणजे जमिनीची मालकी व पीकपाणी दाखविणारा गाव नमुना सात आणि बारा यांचा एकत्रित उतारा, घरातून गहाळ झाला तर तलाठ्याकडे दुसरा मिळतो, आता तर संगणकावरही मिळतो. बँकेचे पासबुक उंदराने खाल्ले तर दुय्यम पासबुक मिळते. दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते खरी, परंतु वारसाने कागदपत्रे आणली की तीही परत मिळते. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्याला चार नामनिर्देशित व्यक्ती लावण्याची मुभा झाली आहे, जेणेकरून भांडण अधिक व्यापक पायावर करता यावे. या सर्वांच्या वर कोल्हापुरात ‘ओळख’ नावाची एक संस्था आहे. कोणत्याही कार्यालयातील कोणत्याही टेबलामागे बसलेला मनुष्य हा कुणाचा तरी वर्गमित्र, तालीमबंधू किंवा बायकोच्या मावसभावाचा साडू असतो आणि योग्य साखळी सापडली की अडलेले काम हलते, हा सिद्धांत येथे इतक्या वेळा खरा ठरला आहे की त्याला निसर्गनियमाची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. सीड फ्रेझच्या जगात टेबलच नाही. अर्ज नाही, मुद्रांक नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ हे दिलासादायक वाक्यही नाही. शब्द हरवले की धन वहीत सर्वांना दिसत राहते आणि कुणालाही हलविता येत नाही, प्रत्यक्ष ती प्रणाली लिहिणाऱ्यालाही नाही. आमदारांचा फोन कुणाला करावयाचा, हा प्रश्न या प्रणालीने प्रथमच अनुत्तरित ठेवला आहे.

ही पोकळी भरून काढण्यास भामटे तत्पर असतात, आणि त्यांच्या यशाचे रहस्य बहुधा याच सवयीत आहे. वॉलेट-कंपनीच्या ग्राहकसेवेतून बोलत असल्याचा बहाणा करून एखादा मृदुभाषी मनुष्य ‘पडताळणीसाठी’ बारा शब्द विचारतो, तेव्हा ऐकणाऱ्याला संशय येण्याऐवजी हायसे वाटते, कारण अखेर साहेब भेटलेले असतात. कोणतीही खरी कंपनी हे शब्द कधीही विचारीत नाही, हा नियम जगभर सांगितला जातो, पण एस. टी.च्या गाडीत मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओटीपी वाचून दाखविणाऱ्या समाजाला सहा अंकांपेक्षा बारा शब्द सांगणे अधिक सभ्यपणाचे वाटत असावे.

घरातील लपविण्याच्या जागांचे शास्त्र मराठी कुटुंबात चांगलेच विकसित आहे, पण ते दागिन्यांसाठी व नोटांसाठी घडले असल्याने कागदाच्या चिटोऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही. तांदळाचा डबा, देव्हाऱ्यातील आसनाखालची जागा, देवाच्या तसबिरीची पाठ, लोखंडी कपाटातील साडीची तिसरी घडी या जागा घरातील प्रत्येकाला ठाऊक असतात आणि घरफोडी करणाऱ्यालाही असतात, कारण तोही कुणाच्या तरी घरातच वाढलेला असतो. साडीच्या घडीला आणखी एक धोका आहे. जुन्या साड्या घेऊन भांडी देणारी बोहारीण दारात आली की घासाघीस जरीच्या काठावरून होते, घडीत काय आहे यावरून होत नाही, आणि अशा रीतीने एखादे संपूर्ण वॉलेट झाकणासह एका स्टीलच्या डब्याला विकले जाऊ शकते. हा विनिमयाचा दर कोणत्याही बाजारात नोंदला जात नाही. भिंतीवरील दिनदर्शिकेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केल्यापासून दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता आणि वायफायचा पासवर्ड या सर्वांचे अधिकृत दप्तर भिंतीवरच लटकत आले आहे, तेव्हा बारा शब्दही तेथेच टिपले जाणे स्वाभाविक होय. संकष्टी आणि गॅसच्या टाकीच्या मधोमध लिहिलेले ‘मंकी, व्हिलेज, मँगो’ कुणाच्या नजरेत भरणार नाही, हा तर्क चुकीचाही नाही. तो जानेवारीपर्यंत टिकतो. त्यानंतर जुनी पाने रद्दीत तरी जातात, नाही तर पोरांच्या पुस्तकांना कव्हर म्हणून तरी घातली जातात, आणि कुटुंबाची सर्व आभासी संपत्ती भूगोलाच्या पुस्तकावर बसून शाळेत जाऊ लागते.

यावर सावध गृहस्थ जो उपाय करतो तो मूळ रोगापेक्षा भयंकर असतो. महत्त्वाच्या कागदाच्या किमान तीन झेरॉक्स असाव्यात आणि मूळ प्रत लॅमिनेट करावी, हे तत्त्व रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सर्वत्र फलदायी ठरल्यामुळे सीड फ्रेझही त्याच मार्गाने जाते. दुकानदार ती यंत्रात घालण्यापूर्वी सवयीने वाचतो, ‘एवढंच हाय काय?’ असे विचारतो आणि यंत्राच्या स्मृतीत तिची एक चौथी प्रत ठेवून जाण्याची शक्यता निर्माण होते. ज्याला इतका त्रास नको असतो तो कागदाचा फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर ‘जपून ठेवणे’ अशा सूचनेसह पाठवितो, आणि त्यावर पुण्याच्या काकू हात जोडल्याचे चिन्ह उमटवितात. फोनमधील छायाचित्रे आपोआप इंटरनेटवरील साठ्यात जातात हे एक. दुसरे असे की फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा-कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम उघडकीस आणला, जो निरुपद्रवी दिसणाऱ्या ॲपमधून फोनमध्ये शिरून छायाचित्रांतील अक्षरे वाचीत असे आणि नेमक्या सीड फ्रेझ वेचून घेत असे. समूहावर येणारे सुप्रभाताचे शेकडो फोटो लक्षपूर्वक वाचणारा जगातील हा बहुधा पहिलाच वाचक म्हणावा लागेल.

मग कागदच नको, शब्द पाठ करावेत, असा एक पक्ष निघतो आणि तो परंपरेचा हवाला देतो. पावकी, निमकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ असलेले वृद्ध अद्याप भेटतात. वेदपाठी ब्राह्मणांनी तर क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पद्धती बसवून शब्द पुढून, मागून, जोड्यांनी आणि पुन्हा उलटसुलट म्हणण्याची अशी योजना केली की एक स्वरही हलला तर तो जागच्या जागी पकडला जावा. बीआयपी-३९ मधील चार खुणांचा पडताळा हे त्याच विचाराचे फारच आळशी रूप आहे, कारण वाटेल तसे बारा शब्द लिहिले तरी सोळांतून एकदा ते त्यातून सुटून जातात. पण या पक्षाच्या नजरेतून एक गोष्ट निसटते: पाढे पाठ राहिले ते सगळ्या वर्गाने रोज मोठ्याने म्हटल्यामुळे, आणि हे शब्द नेमके मोठ्याने म्हणावयाचे नाहीत. क्रमाची अदलाबदल करून कागद लिहिण्याचा जो चतुराईचा मार्ग काहीजण काढतात, त्याचाही हिशेब करून पाहावा. बारा शब्दांचे क्रम ४७ कोटी ९० लाख १ हजार ६०० होतात. माणसाला हा आकडा अभेद्य वाटतो, तर संगणकाला ते एका बैठकीचे काम असते. त्यामुळे हा डाव चोराला अडवीत नाही आणि स्वतःची चतुराई विसरलेल्या मालकाला मात्र संगणक जाणणाऱ्या भाच्याच्या दारात उभे करतो.

कागदाविरुद्ध कोल्हापुरात आणखी एक स्थानिक साक्षीदार आहे, तो म्हणजे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी, हे आकडे येथील पोरांना वाढदिवसासारखे पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये नदीने त्याची पुन्हा आठवण करून दिली. व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली या भागांत दोरीवर वाळत घातलेली कागदपत्रे ज्यांनी पाहिली, त्यांना शाईच्या अमरत्वाबद्दल सांगण्यासारखे काही उरत नाही. परदेशात यावर पोलादी पट्टीचा उपाय निघाला आहे: गंजरोधक पोलादावर शब्द ठोकून ठेवले की पुरात भिजत नाहीत आणि घरास लागलेल्या आगीतही वितळत नाहीत, कारण असे पोलाद वितळण्यास सुमारे १,४०० अंश सेल्सियस तापमान लागते. अशा पट्ट्या तेथे ऐटदार खोक्यांतून विकल्या जातात. ज्या शहरात शिवाजी उद्यमनगर आहे, फौंड्री आहेत, आणि ‘पिस्टनपास्नं पाळण्यापातूर सगळं करून मिळंल’ अशा थाटाचा कारागीर लेथमागे उभा आहे, त्या शहराने पट्टी परदेशातून मागवावी ही नामुष्की होय, असा विचार करून एखादा अभिमानी गुंतवणूकदार चिठ्ठी घेऊन उद्यमनगरात जातो. तेथे अडचण कामाच्या दर्जाची नसते. अक्षरांचे पंच ठोकताना फिटर प्रत्येक शब्द खणखणीत आवाजात वाचून खात्री करून घेतो, शेजारच्या शेडमधून ‘मंकी न्हवं, डाँकी असंल’ अशी दुरुस्ती येते, आणि चहा येईपर्यंत संपूर्ण वॉलेट सार्वजनिक झालेले असते. पहिली चार अक्षरेच पुरेशी असल्याने कमाल ४८ घाव घालावे लागतात, तेव्हा पंचांचा संच विकत आणून हे काम घरी करणे शक्य आहे. मात्र ४८ घावांचा आवाज ऐकून शेजारी विचारपूस करण्यास येणार नाहीत, अशी वसाहत कोल्हापुरात अद्याप वसलेली नाही. पोलादाचा आणखी एक गुण परदेशी जाहिरातींत सांगितला जात नाही. भंगारवाला ते वजनावर घेतो.

येथील धातूवरील लेखनाचा इतिहास या उपायाच्या नेमका उलट दिशेने जातो, हेही नमूद केले पाहिजे. कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी ताम्रपट आणि शिलालेख कोरविले ते दान कुणी कुणाला दिले हे सर्वांनी वाचावे म्हणून. त्यांच्या काळच्या दानलेखांत जो दान मोडील त्याला शाप देण्याची प्रथा होती, आणि काही शिलांवर तर तो शाप निरक्षरालाही समजावा म्हणून गाढवाच्या चित्रासह, घरात सांगता येणार नाही अशा स्वरूपात कोरलेला आहे. पोलादी पट्टीच्या तळाशी असे एखादे शापवचन घालण्यास तांत्रिक हरकत नाही. परंतु हल्लीचा चोर बहुधा तिसऱ्याच खंडात बसलेला असल्याने आणि त्यास देवनागरी येत नसल्याने शापाची अंमलबजावणी कठीण दिसते.

या साऱ्या उपायांत एक अंतर्विरोध आहे आणि विषयाचे मर्म तेथेच आहे. चोरापासून रक्षण करावयाचे तर प्रती कमी हव्यात आणि जाणकार कमी हवेत. विस्मरणापासून, पुरापासून व मृत्यूपासून रक्षण करावयाचे तर प्रती अधिक हव्यात आणि जाणकारही अधिक हवेत. नातू गावी येऊन कागद आजोबांच्या हाती देतो आणि म्हणतो, ‘आबा, ह्यो कागद कुणाला दावू नगासा.’ आबा विचारतात, ‘मग मला कशाला दावलास?’ या प्रश्नास आधुनिक संगणकशास्त्रापाशी थेट उत्तर नाही.

इतिहासापाशी मात्र दोन्ही बाजूंचे दाखले आहेत, आणि तेही याच गावचे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकाच्या मध्यास जे खोदकाम व उत्खनन झाले, त्यात सातवाहन काळातील वस्तीच्या अवशेषांत कांस्याच्या वस्तूंचा एक साठा मिळाला आणि त्यात पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची एक छोटी, अतिशय देखणी मूर्ती निघाली. ती आज टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाची शान आहे. समुद्र नसलेल्या गावात समुद्रदेव कुणी आणला आणि कुणासाठी ठेवला, हे सांगणारे कुणी मागे राहिले नाही. ज्याची वस्तू होती त्याने गुप्तता इतकी चोख पाळली की ती वस्तू सुमारे अठराशे वर्षांनी थेट पुराणवस्तू खात्याच्या वारशात गेली. उलट दाखला अंबाबाईच्या मूर्तीचा आहे. आक्रमणांच्या धामधुमीत ती मूर्ती मंदिरातून हलवून पुजाऱ्याच्या घरी दडविली होती आणि १७१५ च्या विजयादशमीला तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली, असे परंपरेने सांगितले जाते. मूर्ती कोठे आहे हे बाहेरच्यांना कळले नाही, आणि आतल्या ज्यांना कळावयास हवे होते त्यांच्यापैकी एकही पिढी ते विसरली नाही. ज्या गावाला आपण काहीही पोटात ठेवू शकत नाही असे वाटते, त्या गावाने हे केले आहे. तेव्हा दोष गावाच्या तोंडात नसून सांभाळण्याच्या वस्तूविषयी वाटणाऱ्या आस्थेत असावा, असे अनुमान काढता येते.

बाहेरच्या जगाने या बाबतीत कोल्हापूरला हिणवावे अशी त्याची स्थिती नाही. स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरने ७,००२ बिटकॉइनांची किल्ली ज्या कुलूपबंद यंत्रात ठेवली, त्याचा पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर ते यंत्र कायमचे बंद होते आणि २०२१ च्या जानेवारीत ही हकीकत छापून आली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपले होते. वेल्समधील जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, त्यानंतर न्यूपोर्टचा कचरा डेपो उकरू द्यावा म्हणून तो वर्षानुवर्षे झगडला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. कोंडाळ्यात चुकून गेलेली चांदीची वाटी घंटागाडी थांबवून शोधणाऱ्या कोल्हापूरच्या गृहिणीला त्याच्याविषयी अनुकंपा वाटावी. कॅनडातील क्वाड्रिगा या क्रिप्टो-बाजाराचा तरुण प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये भारतात आला असता जयपूर येथे मरण पावला आणि हजारो ग्राहकांच्या ठेवींच्या किल्ल्या एकट्या त्यालाच ठाऊक होत्या असे जाहीर झाले; पुढे चौकशीत निष्पन्न झाले की ठेवींची वाट त्याने आधीच लावली होती, म्हणजे जग ज्या कुलपासाठी हळहळत होते त्याच्या आतली खोली रिकामीच होती. घरच्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील पोलिसांनी २०१८ मध्ये ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या फसवणूक योजनेचा तपास करताना, वॉलेट ही वस्तू खात्याला नवी असल्याने, मदतीस दोन तज्ज्ञ घेतले. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली, कारण आरोपींच्या वॉलेटांतील चलन त्यांनी परस्पर आपल्याकडे वळविल्याचा आरोप होता. तज्ज्ञ नेमावा तर शब्द त्याला कळतात आणि न नेमावा तर ते कुणालाच कळत नाहीत, हा पेच केवळ शासकीय आहे असे मानण्याचे कारण नाही.

या पेचावरचा सर्वांत देखणा उपाय इस्रायली गणिती आदि शमीर याने १९७९ साली एका छोट्याशा लेखात मांडला आणि तो शालेय भूमितीवर उभा आहे. कागदावर दोन बिंदू दिले की त्यांतून जाणारी सरळ रेषा एकच असते, आणि एकाच बिंदूतून मात्र असंख्य रेषा जातात. तेव्हा गुपित ही एका रेषेची खूण मानावी, त्या रेषेवरचे तीन बिंदू तिघांना वाटून द्यावेत, म्हणजे त्यांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले तर रेषा सापडते, एकटा कितीही बुद्धिमान असला तरी त्याला काहीच कळत नाही, आणि एखाद्याचा हिस्सा पुरात गेला तरी काम अडत नाही. ट्रेझर या कंपनीने २०१९ मध्ये ही पद्धत आपल्या हार्डवेअर वॉलेटात, म्हणजे किल्ली इंटरनेटपासून अलग ठेवणाऱ्या छोट्या यंत्रात, आणली. तीत साधारणपणे प्रत्येक हिश्शाला वीस शब्द येतात. बारा शब्दांचा कागद मधोमध फाडून दोन भावांना देण्यापेक्षा ही पद्धत सर्वथा श्रेष्ठ होय, कारण फाडलेल्या कागदाचा कोणताही एक तुकडा हरवला तरी सर्वनाश होतो आणि प्रत्येक तुकड्याने चोराचे निम्मे काम फुकटात केलेले असते.

शमीरच्या सिद्धांतात तिघे हिस्सेदार एकमेकांना भेटू शकतात, एवढे एक गृहीतक आहे, आणि ते सिद्ध न करताच घेतले आहे. कोल्हापूरच्या एखाद्या गृहस्थाने एक हिस्सा पत्नीकडे, दुसरा इचलकरंजीच्या धाकट्या भावाकडे आणि तिसरा निपाणीस दिलेल्या बहिणीकडे ठेवला, तर भूमितीच्या दृष्टीने योजना निर्दोष ठरते. पण विहिरीच्या वाटणीपासून वहिनी आणि दीर बोलत नाहीत, भाऊबीजेच्या ओवाळणीपासून बहीण इचलकरंजीस गेलेली नाही, आणि नणंद-भावजयीचे जे चांगले होते ते रुखवताच्या वेळी संपले. तीन जोड्यांपैकी एकही जोडी जमत नसल्याने येथे सुरक्षितता गणिताने अपेक्षिलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. पुतणीच्या लग्नात तिघे अखेर एका मांडवात येतात आणि पाहुण्यांच्या मध्यस्थीने यंत्र उघडण्याचे ठरते, तेव्हा नवीनच अडचण पुढे येते. दुसऱ्याचे वीस शब्द भरताच यंत्र उघडते आणि तिसऱ्यास विचारतही नाही. ज्यास गणिताने अनावश्यक ठरविले तो मांडवातून न जेवता निघून जातो, त्याला आणावयास दोन मोटारसायकली पाठवाव्या लागतात, आणि आपला हिस्सा न घेता उघडलेले वॉलेट आपणास मान्य नाही अशी त्याची भूमिका गावातील जाणत्यांनाही रास्त वाटते. यावर व्यवहारी मार्ग असा की रुसवा ज्याचा सर्वांत महाग पडतो त्याचे शब्द प्रथम भरून घ्यावेत, मग दुसऱ्याचे भरावेत, आणि तिसऱ्याला पाटावर बसवून, टॉवेल-टोपी देऊन त्याचे वीसही शब्द सावकाश वाचावयास लावावेत, भाच्याने ते फोनवर गंभीर मुद्रेने टंकित केल्यासारखे करावे, आणि विसाव्या शब्दानंतर ‘झालं बघा मामा, उघडलं’ असे मोठ्याने म्हणावे.